प्रकरण नववं : कोपऱ्यातलं बदक

बाबांनी 'बसवू' हा शब्द शेवटचा वापरला तो प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, आणि त्यानंतर आजतागायत तो त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

हा शब्द कळायला आमचं गॅरेज बघावं लागतं. सहा गाड्यांची जागा, आणि बाबा तिथे रोज संध्याकाळी नऊ गाड्या लावतात. बंपरला बंपर, आरशाला आरसा, मध्ये चार बोटांची फट. शेवटची गाडी आत घालून झाली की दार उघडायला जागाच उरत नाही, म्हणून बाबा खिडकीतून बाहेर येतात. या वयात, त्या पोटासकट. गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, जागा आहे का? बाबा मागे वळूनही बघत नाहीत. बसवू, म्हणतात. आणि बसवतात.

अशा माणसाने जुन्या गाड्यांचं प्रदर्शन अंगावर घेतलं. ठरल्या होत्या वीस गाड्या. पण बाबांना कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे वीसच्या पंचवीस झाल्या, पंचवीसच्या चौतीस. त्यात आठवडाभर आधी फुटबॉलच्या मैदानाची देखरेख करणारा सांगायला आला की अर्ध्या मैदानात नवं गवत पेरलंय, तिकडे चाक सोडा, पाऊलही पडता कामा नये. बाबा त्याला म्हणाले, बसवू. आणि ही अर्ध्या मैदानाची बातमी त्यांनी ना आईला सांगितली ना मला. आबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

आबा म्हणजे माझे आजोबा, गॅरेज मुळात त्यांचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेजची किल्ली बाबांच्या हातात ठेवली, आणि बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी आणि बाबांपेक्षा चांगली मेकॅनिक असलेली माझी आत्या तशीच उभी राहिली. ती रडली नाही, भांडली नाही. मागे पत्र्याखाली गंजत पडलेली सायीच्या रंगाची गाडी तेवढी तिने मागून घेतली. त्या गाडीला घरात सगळे बदक म्हणत, कारण ती समोरून तशीच दिसते. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडलेलं इंजिन या बदकाचं. आत्या ते दोरीने ओढत नदीपलीकडे घेऊन गेली आणि जाताना आबांना म्हणाली, चालू झालं की तुम्हाला फिरवून आणीन. आबा म्हणाले, बघू. ते बघू अकरा वर्षं चाललं.

नदीपलीकडे तिने स्वतःचं गॅरेज काढलं, आणि गेल्या वर्षापासून मी शाळा सुटल्यावर तिथे जाते. तोपर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज घशात अडकायचा. आत्याने मला समजावलं वगैरे काही नाही. तिने मला गाडीखाली सरकवलं, इंजिन चालू केलं आणि सांगितलं, काय वाजतंय ते मला इथे ऐकू आलं पाहिजे. दोन महिन्यांत माझा आवाज रस्त्यापलीकडे जायला लागला. आता घरात मला भोंगा म्हणतात आणि मला ते फार आवडतं.

तर या भोंग्याने तीन महिने आबांच्या कानाशी वाजून वाजून त्यांना कबूल करवलं होतं: प्रदर्शनाच्या दिवशी, चार वाजता, बदकात बसायचं. आत्या चालवणार. आबा शेवटी हो म्हणाले, पण आपल्या नियमानिशी. गिऱ्हाइकाला चारची वेळ दिली असेल तर आबा साडेचारपर्यंत वाट बघत. साडेचारला शटर खाली. मग दारात कुणीही येवो, डॉक्टर येवो की पोलीस येवो, गाडी दुसऱ्या दिवशी. चाळीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही. आणि माझे आबा असे आहेत की त्यांच्या बाबतीत दुसरा दिवस अकरा वर्षांनीही उगवू शकतो. हे आत्यालाही माहीत होतं आणि बाबांनाही.

*

सकाळचा भाग मला बाबांनी नंतर सांगितला, गाडीखाली झोपून, कारण गाडीखाली असले की त्यांना खरं बोलता येतं.

साडेसहाला मैदानाच्या गेटवर ते एकटेच होते. पहिलीच गाडी आली ती बदक. त्यांनी ते आधी ऐकलं आणि मग पाहिलं, आणि त्यांच्या हातातली यादी खाली पडली. पत्र्याखाली कोंबड्या बसायच्या त्या सांगाड्याची ही गाडी झाली होती. आत्याने काच खाली केली. बहीणभावंडं अकरा वर्षांनी समोरासमोर आली होती आणि बाबांना काय सुचलं, तर ते म्हणाले, लवकर आलीस. ती म्हणाली, वेळ पाळायची सवय आहे. कुठे लावू?

बाबांनी तिला मैदानाच्या अगदी टोकाचा कोपरा दाखवला, दोन भिंतींच्या मधला.

त्यांच्या मनात काय होतं तेही सांगायला हवं. आमच्या गॅरेजमध्ये सगळ्यात आतला कोपरा सगळ्यात मौल्यवान गाडीचा. दोन बाजूंनी भिंत, कुणाचा धक्का लागत नाही, कुणाची पिशवी घासत नाही. आबांनी तो कोपरा कधी कुणाला मागून मिळू दिला नाही. बाबांना बहिणीला सॉरी म्हणायचं होतं, ते काही जमत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला कोपरा दिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी गाडीखालून सांगितली. आत्याने महिनाभर आधी त्यांना एक कागद पाठवला होता. मैदानाचा नकाशा, गाड्या अर्धवर्तुळात, मध्ये लोकांना फिरायला दोन वाटा, दोर कुठे बांधायचा, गेटमधून आधी गाड्या आणि मग माणसं. बाबांनी तो वाचला, तो बरोबर आहे हे त्यांना लगेच कळलं, आणि म्हणूनच त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

मग एकेक गाडी येत गेली आणि बाबा बसवत गेले. प्रत्येक मालकाला गॅरेजचा नियम सांगितला: गियर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, चाकाखाली लाकडी ठोकळा. म्हणजे गरज पडली तर हाताने सरकवता येते. लांब गाडीशेजारी आखूड, रुंद गाडीमागे अरुंद, जशी भिंतीत वीट बसते तशी प्रत्येक गाडी दोघींच्या मध्ये. नऊ वाजता चौतिसावी आत गेली. बाबा भिंतीवर चढले आणि वरून पाहत राहिले. अर्ध्या मैदानात चौतीस गाड्या आणि एकीलाही ओरखडा नाही. ते म्हणाले, भोंग्या, आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं.

बघणारा माणूस कुठून बघणार, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नाही. गॅरेजमध्ये गाड्या बघायला कोण येतं?

*

दहाला गेट उघडलं. गेटवर आई होती, आणि सव्वादहाला आईला कळलं.

लोक हौसेने यायचे, तिच्याकडून छातीला लावायचा कागदी बिल्ला घ्यायचे, दहा पावलं आत जायचे आणि थबकायचे. समोर पाच गाड्यांची एक रांग. तिच्यामागे छपरं. छपरांमागे आणखी छपरं. डाव्या हाताला दोर बांधलेलं मोकळं अर्धं मैदान, आणि त्यावर पाटी, पाऊल टाकू नये. पाच गाड्या बघून झालेले लोक मागे वळायचे, तोवर मागून नवे आलेले असायचे, आणि गेट एकच. एका बाईची बाबागाडी अशी अडकली की बाळ आतून आणि त्याची आई बाहेरून एकमेकांकडे बघत बसले. एका माणसाने आपल्या पोराला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, काय दिसतंय? पोरगं म्हणालं, पार्किंग.

आईने बाबांना दोनदा निरोप धाडला. पहिल्या निरोपाला उत्तर आलं, गर्दी आहे म्हणजे चांगलंच आहे. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही.

मी माइकवर होते. छोटा मंच, एक टेबल, हातात बाबांची यादी. मी खणखणीत आवाजात सांगायची, आता पाहा चौथ्या रांगेतली डावीकडून दुसरी, लाल, दोन दारांची, हिच्या आतली लाकडी पट्टी मूळची आहे. शेकडो माणसं माना उंचावून चौथी रांग शोधायची आणि त्यांना लाल असं काही दिसायचंच नाही. तासाभराने ती माझ्याकडे बघून हसायला लागली. गेल्या वर्षीची मी असते तर टेबलाखाली गेले असते. मी आणखी जोरात वाचलं.

दातांचे डॉक्टर मंचाशी आले. हिरव्या गाडीचे मालक. त्यांनी फार हळू आवाजात, दात उपटण्यापूर्वी बोलतात तसं, मला सांगितलं की ही गाडी नीट करायला त्यांना सहा वर्षं लागली आणि आज सकाळपासून जगाने तिचा फक्त टप पाहिलाय. परीक्षक तिघं होते. त्यांना एकाही गाडीचं बॉनेट उघडता येईना, कारण पुढच्या गाडीची मागची बाजू मध्ये यायची. दोन वाजता त्यांनी पहिल्या रांगेतल्या पाच गाड्यांना गुण दिले, उरलेल्या एकोणतिसांपुढे 'पाहता आली नाही' असं लिहिलं आणि ते निघून गेले. करंडक खोक्यातच राहिले.

मालकांचं जेवण बाबांनी चार गल्ल्या सोडून एका सभागृहात ठेवलं होतं, एक वाजता. मालक एकला गेले. जेवण तीनला आलं. इतके रागावलेले लोक इतका वेळ एका खोलीत बसवणं ही बाबांची त्या दिवशीची दुसरी चूक. तिथे त्यांच्यात एकी झाली.

*

आबा सव्वातीनला आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. आईने गेटशेजारी कापडाच्या सावलीत त्यांना खुर्ची दिली.

आबांना गर्दीचं काहीच वाटलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, कुठंय? मी बोट दाखवलं. सहा रांगांपलीकडे, दोन भिंतींच्या कोनात, सायीच्या रंगाचा एक तुकडा.

"कोपऱ्यात लावलंय," आबा म्हणाले.

"हो."

"तिनं की त्यानं?"

"बाबांनी."

 मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते, आणि मी पाहिलं की त्यांनी त्या तुकड्याकडे बघत हलकेच मान हलवली, एखाद्याने बरोबर नट आवळला की हलवतात तशी. त्यांना समजलं होतं. आम्हा इतर सगळ्यांना समजायला अजून पंधरा मिनिटं होती.

साडेतीनला आत्या सभागृहातून तरातरा आली आणि गाड्यांच्या भिंतीपुढे उभी राहिली. बाबा तिथेच होते. मी माइक बंद केला आणि धावले. आई गेट सोडून आली.

"मला कोंडलंस," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "चार वाजता आबांना घेऊन जायचंय हे तुला माहीत होतं. किल्ली तुला मिळाली, गॅरेज तुला मिळालं. एक चक्कर तेवढी माझी होती."

"ताई, कोपरा आहे तो," बाबा म्हणाले. "कोपरा. तुला माहितीये कोपरा कुणाला मिळतो."

 आत्याने कोपऱ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मला वाटलं आता मिटलं. पण मिटलं नव्हतं, कारण आत्या म्हणाली की मग तो माझा कागद, त्याचं काय केलंस? बाबांनी तोंड उघडलं आणि ते खोटं बोलणार हे मला त्यांच्या कानांवरून कळलं, ते लाल होतात.

तेव्हा आई बोलली. अकरा वर्षं या विषयावर आई बाबांच्या बाजूने उभी होती, म्हणजे नुसती उभी होती, बोलत नव्हती.

"कागद ड्रॉवरमध्ये आहे, ताई. मी वाचला होता. बरोबर आहे हे मलाही कळत होतं. मी यांना बोलले नाही, कारण म्हटलं भावाबहिणीच्या मध्ये कशाला पडा." मग ती बाबांकडे वळली. "आता पडतेय. अहो, मोजा किती गाड्या काढाव्या लागतील ते."

आत्या भिंतीवर चढली. सकाळी बाबा जिथे उभे होते तिथेच. तिने वरून ते सगळं पाहिलं, रांगा, सांधे, चार चार बोटांच्या फटी, आणि तिचा चेहरा बदलला. रागावलेल्या माणसाला हसू येऊ नये म्हणून जो त्रास होतो तो तिला होत होता.

"सगळं चुकलंय," ती म्हणाली. "पण काय रचलंयस रे सोन्या."

सोन्या म्हणजे बाबा. सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

*

अकरा गाड्या. आत्या म्हणाली नऊ, बाबा म्हणाले अकरा, आणि रचली त्यांनी होती म्हणून अकरा. त्या काढून ठेवायला मैदानात इंचभर जागा नव्हती. म्हणजे गेटमधून रस्त्यावर. आणि गेटमध्ये माणसं अशी भरलेली की सुई सरकू नये. वाजले होते पावणेचार.

आता माझं काम होतं, ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी माइक चालू केला आणि सांगितलं की प्रदर्शन रस्त्यावर जात आहे. आजवर तुम्ही गाड्यांकडे गेलात, आता गाड्या तुमच्याकडे येतील. कृपया सगळ्यांनी बाहेर पडून दोन्ही फुटपाथांवर उभं राहावं, आधी बाबागाड्या, मग आजीआजोबा, मग बाकीचे, आणि ज्यांना ढकलायची हौस आहे त्यांनी माझ्या आईकडे जावं. हे जमेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण इतक्या मोठ्या आवाजात सांगितलेलं लोक ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं. गेट दहा मिनिटांत मोकळं झालं. आईने दोन्ही बाजूंनी दोर धरायला माणसं उभी केली, आणि अगदी आत्याच्या कागदात होती तशी वाट तयार झाली.

मग मी ते पाहिलं जे मी फक्त ऐकलं होतं. लहानपणी रोज सकाळी शाळेआधी आत्या आणि बाबा गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढायचे. गाड्यांच्या किल्ल्या आबांच्या खिशात, म्हणून इंजिन चालू न करता, ढकलून. कुठली आधी, कुठली नंतर हे आत्या ठरवायची. ढकलायचे बाबा. मध्ये गाड्या असल्याने एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून आत्या टपावर हाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे ढकल. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे चाक वळव.

आत्याने पहिल्या गाडीच्या टपावर एक थाप मारली. बाबा मागून ढकलू लागले. तीन थापा, बाबांनी पुढे येऊन खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवलं. दोन, थांबले. दोघांनी एक शब्दही उच्चारला नाही आणि गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी गेटातून रस्त्यावर निघाली. फुटपाथवरचे लोक ओरडले. मी माइकवर तिची जन्मकथा सांगितली, आणि या वेळी ती गाडी त्यांच्या समोर होती, चाकापासून टपापर्यंत, सगळी.

दुसरी. तिसरी. हिरवी निघाली तेव्हा दातांचे डॉक्टर नेमके सभागृहातून येऊन पोचले, भांडायच्या तयारीत, आणि त्यांनी पाहिलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं त्यांच्या गाडीसाठी टाळ्या वाजवतायत. त्यांनी कोट काढला आणि मागून खांदा लावला.

चार वाजून वीस मिनिटं. सात गाड्या बाहेर. आठवी होती लांबलचक काळी, आणि ती तिरकी होऊन अडली. पुढे काही सरकेना. आत्या एक थाप मारायची, बाबा ढकलायचे, मागचा बंपर शेजारच्या पिवळ्या गाडीला टेकायचा. दोन थापा. पुन्हा. पुन्हा. आता ते थापांनी नाही, तोंडाने बोलायला लागले होते, आणि ते बरं लक्षण नव्हतं. बाबा म्हणत होते तू चुकीची निवडलीस, आत्या म्हणत होती तू चुकीची रचलीस.

माझी नजर आबांवर होती. ते मनगटाकडे पाहत होते.

मी काळ्या गाडीबद्दल जे जे ठाऊक होतं ते सांगून संपवलं. मग तिच्या दिव्यांबद्दल सांगितलं. मग तिच्या रंगाबद्दल. आणि आबा उभे राहिले. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, सावकाश, शर्ट खाली ओढून. साडेचार. माझं वाक्य अर्धं राहिलं. आई हातातला दोर सोडून दोन पावलं पुढे आली आणि थांबली, कारण आबांना थांबवता येत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. आत्यानेही पाहिलं. तिने टपावरचा हात काढून घेतला. तेल पुसतात तसा तो पँटला पुसला.

गेटबाहेर पडायचं तर आबांना उजवीकडे वळायला हवं होतं. ते डावीकडे वळले. काळ्या गाडीपाशी आले, तिच्या टपावर हात ठेवला आणि दोन थापा मारल्या.

बाबा आणि आत्या दोघंही जागच्या जागी थिजले. सत्तेचाळीस आणि एक्कावन्न वर्षांची माणसं, शाळेला उशीर झाल्यासारखी.

"काळी मागे घ्या," आबा म्हणाले. "आधी पिवळी काढा. काळी लांब आहे, तिला वळायला पिवळीची जागा लागते."

"आबा," आत्या म्हणाली, "साडेचार झाले."

आबांनी मनगट वर करून घड्याळाकडे पाहिलं. मग घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.

"सकाळपासून पुढे पळतंय ते," ते म्हणाले, आणि पिवळ्या गाडीच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही तळवे टेकवले.

*

अकरावी गाडी रस्त्यावर लागली तेव्हा पाच वाजून गेले होते. सकाळी शेकड्यांनी आलेल्यांपैकी तोवर शंभरएक माणसं उरली असतील. तेवीस गाड्या आतच होत्या, आणि त्यांचे मालक बाबांभोवती गोळा होऊन एकाच वेळी बोलत होते. बाबा हात जोडून सगळ्यांचं ऐकत होते. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन त्यांच्याकडे येणार नाही हे तिथे सगळ्यांना कळलं होतं, त्यांनाही. त्यांनी कुठलीही सबब सांगितली नाही. एकच म्हणाले, माझ्या बहिणीने नकाशा दिला होता, मी वापरला नाही. सगळ्यांच्या तक्रारी त्यांनी यादीच्या मागे लिहून घेतल्या, एकोणीसपर्यंत मी मोजल्या, मग सोडून दिलं, कारण मागे कोपऱ्यात आवाज झाला होता.

पहिल्या चावीला नाही. दुसऱ्या चावीला बदक सुरू झालं. ते तळातून गुरगुरत, मग सुरात येत मोकळ्या झालेल्या वाटेवरून सावकाश पुढे आलं आणि गेटपाशी थांबलं. आत्याने आतून हात लांब करून पुढचं दार उघडलं. आबा बसले. बसण्याआधी त्यांनी दाराची कडी दोनदा उघडमिट करून पाहिली, अकरा वर्षं राग असला तरी कडी बघायलाच हवी. आई आणि मी मागे शिरलो.

बाबा यादी घेऊन बाहेरच उभे होते.

"सोन्या," आत्या म्हणाली.

बाबांनी आत वाकून पाहिलं. बदकाची मागची सीट दोघांची, त्यात मी आणि आई, आणि बाबांचं पोट तुम्हाला माहीतच आहे.

"जागा आहे?" बाबांनी विचारलं.

आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "बसवू," म्हणाली.

बसवलं. मी आईच्या मांडीवर अर्धी, खिडकीबाहेर अर्धी. बदक निघालं, त्या अकरा गाड्यांच्या रांगेमधून, आणि दातांच्या डॉक्टरांनी आपल्या हिरव्या गाडीचा हॉर्न दाबला, मग दुसऱ्याने दाबला, मग सगळ्यांनी, आणि मीही ओरडले, माइकशिवाय, आणि मला वाटतं ते नदीपलीकडे ऐकू गेलं असेल.

आबा मात्र शांत होते. डोळे मिटलेले, डोकं जरा कलतं, एक तळवा डॅशबोर्डवर टेकवलेला. आम्हाला वाटलं झोपले. दुसऱ्या वळणावर त्यांनी डोळे उघडले.

"तिसऱ्या सिलिंडरचा ठोका हलका येतोय," ते म्हणाले.



"माहितीये," आत्या म्हणाली. "उद्या उघडणार आहे."

"कुठे?"

"माझ्या गॅरेजमध्ये."

एक अख्खी गल्ली गेली. एक दुकान, एक झाड, सायकलवरून जाणारे दोघे जण, ज्यांनी वळून वळून पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी येऊ का बघायला?"

आत्याने गियर बदलला. आरशात मला तिचे फक्त डोळे दिसत होते आणि ते रस्त्यावर होते.

"दहाला या," ती म्हणाली. "साडेदहाला शटर खाली."